शिकत्या मुलांची उमेदवारी

उमेदवार हा शब्द कानी पडताच हल्ली निवडणुकीची आठवण होते. परंतु जुन्या कचेऱ्यांत त्याचा अर्थ निराळा होता. कारकुनीची इच्छा धरणारा तरुण मामलेदार कचेरीत येऊन पगाराशिवाय नकला करी, बारनिशीत टपाल चढवी, दप्तराचे गठ्ठे बांधी, आणि जागा रिकामी झाली म्हणजे त्याचा विचार होई. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा त्या दिवसांच्या गोष्टी सांगणारे वृद्ध कारकून हयात होते. त्या पद्धतीत फुकट राबवून घेण्याचा जुलूम पुष्कळ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि तिच्यात एक मोठा गुण होता. उमेदवाराने केलेली नक्कल चुकली तर ती चूक कोणातरी खातेदाराच्या जमिनीवर जाऊन बसे. सबब ती नक्कल कोणी तरी ओळ न ओळ ताडून पाही, आणि त्या ताडण्यातून पोर शिके. आज महाविद्यालयांत जाणाऱ्या आमच्या मुलामुलींस नेमकी हीच गोष्ट मिळत नाही, आणि ती मिळवून देणे पुष्कळ अंशी आम्हा शेतकऱ्यांच्याच हाती आहे, असे आमचे मत झाल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

मुलास शहरात ठेवून तीन-चार वर्षे शिकविण्यास काय पडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणी जनावर विकतो, कोणी सोन्यावर कर्ज काढतो, कोणी बांधालगतचा तुकडा गहाण टाकतो. इतके करून पदवी घेऊन मुलगा घरी येतो तेव्हा त्यास नोकरी देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की, तू आजपर्यंत कोणते काम केले आहेस? त्यावर मुलगा गुणपत्रिका पुढे करतो. गुणपत्रिका खोटी नसते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. मग स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली आणखी तीन-चार वर्षे जातात, आणि त्या अवधीत घरच्या शेतीचा हिशेबही त्याच्या हातून होत नाही.

कृषी महाविद्यालयांच्या बाबतीत सरकारने ह्याचा विचार केलेला आहे. आपल्या राज्यात राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि परभणी व दापोली येथील १९७२ साली स्थापन झाले. ह्या विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव नावाचा भाग असतो. त्या वेळी विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतात, एकेका शेतकऱ्याशी जोडले जातात, आणि पुढे काही दिवस एखाद्या कारखान्यात, बीजकेंद्रात किंवा प्रक्रिया उद्योगात काढतात. २०१५ साली केंद्राने हे सर्व ‘स्टुडंट रेडी’ ह्या नावाखाली एकत्र बांधले. आमच्या गावोगावी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून जी मुले येतात ती हीच.

योजना उत्तम आहे. अंमल मात्र सर्वत्र सारखा नाही. पुष्कळ ठिकाणी असे दिसते की, मुले येतात, ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, सरपंचांसह छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येते. ह्यात मुलांस दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्या बियाण्यास त्यांनी औषध चोळले ते बहुधा मूठभरच असते आणि पेरले जातही नाही! त्यांच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून त्यांच्या बिनचूकपणाने कोणाचे काही साधतही नाही. यजमान शेतकऱ्याने ‘पोरांनो, चहा घ्या’ एवढ्यावर न थांबता आपल्या पेरणीचे तीन पोते बियाणे त्यांच्यापुढे ठेवले, औषधाचे प्रमाण त्यांच्याकडून मोजून घेतले, आणि त्या तुकड्याची उगवण पुढे त्यांनाच मोजावयास लावली, तर तेच प्रात्यक्षिक खरे काम होते. मुलांस वाईट वाटावयाचे तर दूरच, उलट हुरूप येतो.

परंतु आमच्या सभासदांची बहुतेक मुले कृषी महाविद्यालयांत नसून कला, वाणिज्य, विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांनी काम शोधावे कोठे? शहरातील मोठ्या कंपनीत चिकटण्याची धडपड ती करतात, ती योग्यच आहे. पण तेथे ओळख लागते, खोलीभाडे पडते, आणि पुष्कळदा महिनाभर नुसते बसून परत यावे लागते. केंद्र सरकारने २०२४ साली मोठ्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची योजना काढली आहे. परंतु ती पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हे. म्हणजे शिकत असतानाच काम पाहिजे असेल तर ते स्वतःच शोधणे प्राप्त आहे. आमचे म्हणणे असे की, ते गावाच्या दोन-चार कोसांत आहे, आणि महाविद्यालयाच्या दोन्ही सुट्ट्या त्यास फार सोयीच्या पडतात. उन्हाळ्याची सुट्टी पेरणीपूर्वीच्या तयारीत येते आणि दिवाळीची सुट्टी सुगी व बाजार ह्यांच्या तोंडावर येते. वर्षात ज्या दोन वेळी शेतकऱ्यास हिशेबी माणसाची खरी गरज असते, त्याच वेळी पोर मोकळे असते.

सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. घरचे बियाणे राखणारा शेतकरी ते उगवेल किंवा कसे ह्याची खात्री न करता पेरतो आणि दुबार पेरणीची पाळी आली म्हणजे पावसास बोल लावतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आपटली किंवा थप्पी उंच लावली की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. उगवणशक्ती पाहण्यास एक पैसाही लागत नाही. प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे दाणे काढून एकत्र करावे, निवड न करता त्यातले १०० मोजावे, ओल्या गोणपाटावर किंवा कागदाच्या घड्यांत दहा-दहाच्या ओळीने ठेवून गुंडाळी करावी, ओल टिकवावी, आणि सुमारे आठवड्याने निरोगी मोड आलेले दाणे मोजावे. वाकडे, कुजके किंवा अर्धवट फुटलेले धरू नयेत. ७० किंवा अधिक आले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणाने पेरावे. समजा ६२ आले. एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्क्यांचे धरले, तर तेवढीच रोपे मिळण्यास ३० ला ७० ने गुणून ६२ ने भागावे. म्हणजे सुमारे ३४ किलो लागेल. फारच कमी आले तर ते बियाणे तेलाच्या गिरणीकडे जावे, शेतात जाऊ नये.

आता असा विचार करा की, विज्ञान शाखेत दुसऱ्या वर्षास असलेल्या मुलीने मे महिन्यात गावातील पंचवीस घरांचे बियाणे अशा रीतीने तपासले, प्रत्येकाचे दोन नमुने लाविले, तारीखवार नोंद ठेविली, आणि प्रत्येक घरास चिठ्ठी दिली: अमुक पोत्यांचे इतके टक्के, एकरी इतके किलो पेरावे. पेरणीनंतर बाराव्या दिवशी ती त्या शेतांत जाऊन ओळीतील रोपे मोजून आली. तिने सांगितलेला अंक खरा ठरला की खोटा हे रानात उभे राहून सर्व गाव पाहणार आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असा परीक्षक मिळत नाही. उद्या बीज कंपनीत किंवा बीज प्रमाणीकरणाच्या कामावर मुलाखतीस गेल्यावर ती मुलगी पंचवीस घरांची वही पुढे ठेवू शकेल, आणि तीत दोन घरांचा अंदाज का चुकला तेही सांगू शकेल.

मातीच्या नमुन्यांचे तसेच आहे. रब्बी निघाल्यावर रान मोकळे असते तीच नमुना घेण्याची वेळ. एकसारख्या रानात नागमोडी चालीने आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन, हंगामी पिकासाठी सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची कडेची माती घ्यावी. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा व पाण्याचा पाट सोडून द्यावा. सर्व माती सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अर्धा किलोवर आणावी. हे सर्वांस ठाऊक आहे आणि कोणी करीत नाही. गडबडीत बांधाच्या कडेची मूठभर माती पिशवीत भरली जाते आणि प्रयोगशाळा त्या मुठीचा इमानेइतबारे अहवाल देते. दोन मुलांनी उन्हाळ्यात पन्नास गटांचे नमुने ह्या रीतीने घेतले, गट क्रमांक, मागील पीक व पुढील पीक लिहून पोचते केले, आणि अहवाल आल्यावर घरोघर जाऊन समजावून दिला, तर खताच्या खर्चावर त्याचा परिणाम त्याच हंगामात दिसेल. भूगोलाच्या विद्यार्थ्याने त्याच फेरीत विहिरींच्या पाण्याची खोली टेप सोडून मोजावी आणि दिवाळीत पुन्हा मोजावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते, हे प्रसिद्धच आहे. मोजल्यावाचून ताळेबंद मांडता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाजाराचे काम असते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के धरतात, आणि खासगी व्यापारीही ओलाव्यावर कपात करितो. ही कपात वाजवी किती, हे सांगणारा माणूस शेतकऱ्याच्या बाजूने उभा नसतो. हिशेब मात्र सोपा आहे. १०० किलो मालात १६ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८४ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर वाळविल्यास वजन ८४ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरते. घट साडेचार किलोंची झाली. व्यापारी ह्याहून पुष्कळ जास्त कापीत असेल तर माल दोन दिवस खळ्यावर पसरणे फायद्याचे. कमी कापीत असेल तर तेथेच देऊन मोकळे व्हावे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामावर ओलावामापक यंत्र असते. तेथे महिनाभर उभे राहून, पोत्यांच्या वरच्या थरातून न घेता मधून व तळातून नमुना घेऊन, प्रत्येक गाडीचा ओलावा व वरील हिशेब चिठ्ठीवर लिहून देणारा विद्यार्थी गोदामास आणि शेतकऱ्यास दोघांसही हवासा होईल. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा कंपन्या निघू लागल्या. त्यांतल्या पुष्कळांस व्यवस्थापक ठेवणे परवडत नाही, आणि लिहिण्यामोजण्याचे काम तुंबून राहते.

पीक कापणीचे प्रयोगही ह्याच दिवसांत असतात. महसूल, कृषी व ग्रामविकास ह्या खात्यांचे कर्मचारी ते करितात. शेत कोणते आणि त्यातला तुकडा कोठला हे मर्जीने ठरत नसून यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. ठराविक मापाचा तुकडा आखून, कापून, मळून वजन घेतात. विम्याची भरपाई ह्याच वजनांवर अवलंबून असते. आम्ही ह्या प्रयोगांस पुष्कळ वेळा उभे राहिलो आहोत आणि आमचा अनुभव असा की, चार जाणते लोक हजर असले म्हणजे दोरी नीट लागते आणि काटा नीट पाहिला जातो. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाने तेथे उपस्थित राहून प्रत्येक पायरी वहीत उतरून घ्यावी. त्याने काटा धरावयाचा नाही, हुकूम सोडावयाचे नाहीत. केवळ पाहावयाचे व लिहावयाचे. पुस्तकातले ‘नमुना निवड’ हे प्रकरण त्यास पुन्हा वाचावे लागणार नाही.

वाणिज्य शाखेच्या मुलांस आमची विविध कार्यकारी सोसायटी हीच शाळा आहे. गटसचिवाकडे बहुधा एकाहून अधिक गावांचा भार असतो. किर्द, खतावणी, सभासदनिहाय येणेबाकी ही मुलांनी पुस्तकात वाचलेलीच असतात. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते. मुदत टळली की ती हातची जाते. कित्येक सभासद पैसा असूनही केवळ तारीख लक्षात न राहिल्यामुळे ह्या सवलतीस मुकतात. मुलाने सर्व सभासदांच्या परतफेडीच्या तारखा व व्याजासह रकमा काढून, सचिवाकडून ताडून घेऊन, महिनाभर आधी प्रत्येकाच्या घरी चिठ्ठी पोचवावी. एवढ्या एका कामात हिशेब आहे, लोकांशी बोलणे आहे, आणि गुप्तता राखणेही आहे. एकाची बाकी दुसऱ्यास सांगणाऱ्या मुलास मात्र त्याच दिवशी घरी पाठवावे. ह्यात दयामाया दाखवू नये.

पैशाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, तेथे कमवा आणि शिका ह्या तत्त्वावर मुले श्रम करून शिकली. त्या श्रमास मोल होते. ते उपकार नव्हते. आम्हीही मुलांस आपले म्हणून फुकट राबवू नये. नमुन्यामागे, चिठ्ठीमागे किंवा दिवसामागे जे काही ठरेल ते कामापूर्वी ठरवून कामाअखेर हातावर ठेवावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण मोबदला घेतलेल्या कामात चूक झाली म्हणजे विचारण्याचा हक्क देणाऱ्यास येतो, आणि घेणाऱ्यासही ती चूक अधिक बोचते. उलट हल्ली काही मंडळी विद्यार्थ्यांकडूनच पैसे घेऊन, घरबसल्या काम केल्याचे छापील प्रमाणपत्र देतात. अशा कागदास एक कवडीही देऊ नये. ज्या कामासाठी शिकणाऱ्यानेच पैसे भरावे लागतात आणि ज्याच्या अखेरीस दाखविण्याजोगे काहीच नसते, ते काम नव्हे, हे मुलांस वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे.

मुलींच्या बाबतीत काही घरांतून अडवणूक होते, ती आम्हांस पसंत नाही. आज आमच्याच गावांतील मुली बसने तालुक्यास जाऊन शिकत आहेत. त्याच बसने त्या गोदामावर किंवा सोसायटीत का जाऊ शकणार नाहीत? दोघी-दोघींनी जावे, वेळ ठरलेली असावी, परतण्याची सोय काम देणाऱ्याने पाहावी, म्हणजे झाले.

काम मागावे कसे, ह्याची मुलांस फार भीती वाटते. तोंडी गेले म्हणजे ‘बघू’ असे उत्तर मिळते. म्हणून लेखी अर्ज घेऊन समक्ष जावे. अर्ज लांबलचक नसावा, आणि ‘कोणतेही काम द्यावे’ असे त्यात मुळीच लिहू नये. कारण तसे लिहिणाऱ्यास कोणते काम द्यावे हे वाचणाऱ्यास सुचत नाही. आमच्या मते मजकूर साधारण असा असावा:

‘रा. रा. चेअरमन साहेब, विविध कार्यकारी सोसायटी, मौजे अमुक, यांस सा. न. वि. वि. मी अमुक महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मला सुट्टी आहे. सभासदांच्या परतफेडीच्या तारखांची यादी करून सूचनाचिठ्ठ्या पोचविण्याचे काम मी करू शकेन. रोज सकाळी चार तास येईन. केलेले काम रोज सचिवसाहेबांस दाखवीन. आवश्यक वाटल्यास पहिले तीन दिवस पाहून मग निर्णय घ्यावा, ही विनंती.’

शेवटच्या वाक्याने पुष्कळ दारे उघडतात. उन्हाळ्याच्या कामासाठी अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच गेला पाहिजे; मे महिन्यात मागावयास गेलेल्या मुलास मे महिना संपेपर्यंत उत्तर मिळत नाही. काम सुरू झाल्यावर रोजनिशी ठेवावी. तीत ‘आज माहिती घेतली’ असे न लिहिता किती नमुने, कोणाचे, काय निघाले, कोठे अडले, असे लिहावे.

काम संपल्यावर जो दाखला द्यावयाचा तो देतानाही आमचे लोक फार आळस करितात. ‘सदर विद्यार्थी होतकरू व सद्वर्तनी आहे’ ह्या वाक्याचा उपयोग कोणासही होत नाही. त्याऐवजी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके दिवस आला, इतक्या सभासदांच्या नोंदी तपासल्या, त्यांत इतक्या चुका शोधल्या, त्याच्या स्वतःच्या इतक्या चुका निघाल्या व त्याने त्या दुरुस्त केल्या, मोबदला इतका दिला, असे लिहावे. चुकांचा आकडा पाहून मुलाचे वडील रागावतील, पण कामावर माणूस घेणारा त्याच ओळीवर बोट ठेवून थांबेल. दाखल्यावर जावक क्रमांक व तारीख घालून त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी कोणी खातरजमा करण्यास फोन केला आणि त्या वेळी चेअरमन बदललेले असले, तरी सचिवास ती काढून वाचून दाखविता येईल.